मान वळवणारी वाट

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आंबा, विशाळगड, उदगिरीच्या बाजूला, भात पिवळं पडायला लागलं की रात्रीची राखण सुरू होते. बांधाच्या कडेला मेढी रोवून बांधलेला माळा, हातात बॅटरी, शेजारी बडवायला पत्र्याचा डबा. जंगल खाचराला लागूनच. गव्यांचा कळप उतरला तर एका रात्रीत पीक आडवं होतं, आणि रानडुकरं तर रोजचीच. अशा वेळी माळ्यावरच्या माणसाच्या डाव्या हाताला, अंधारात, पाचोळा वाजतो. गवा आहे, डुक्कर आहे की उशिरा परतणारा शेजारी आहे, याचा त्याला अजून पत्ता नसतो. मान मात्र डावीकडे गेलेली असते.

मान अशी आपसूक वळते तेव्हा ज्या वाटांनी हुकूम खाली उतरतो, त्यांतल्या एका फार जुन्या वाटेला वैद्यकशास्त्रात टेक्टोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात. ती मध्यमस्तिष्काच्या छतातून निघते आणि मेरुरज्जूच्या मानेतल्या भागात जाऊन संपते. शरीररचनेच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला चार-सहा ओळी येतात. माणसात ही वाट फारशी विकसित नाही, एवढं सांगून लेखक पुढच्या मार्गाकडे वळतो. हा मोठा अन्याय आहे असं मला वाटतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या इतिहासात मेंदूच्या ज्या यंत्रणा सर्वांत जुन्या आहेत, त्यांत या वाटेचं उगमस्थान मोडतं. मासा, बेडूक, साप, घुबड, बिबट्या आणि माळ्यावरचा माणूस या सगळ्यांच्या डोक्यात ते आहे, आणि सगळीकडे त्याचं मूळ काम एकच आहे: काहीतरी घडलंय, ते नेमकं कुठे, हे ठरवणं आणि तोंड तिकडे करणं.

मध्यमस्तिष्क म्हणजे मोठ्या मेंदूच्या खाली दडलेला, माणसात जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या पाठीवर चार उंचवटे असतात, वर दोन आणि खाली दोन, प्रत्येक साधारण वाटाण्याएवढा. खालची जोडी ऐकण्याच्या कामाची. वरची जोडी, म्हणजे सुपीरियर कॉलिक्युलस, हे आपल्या वाटेचं उगमस्थान. मासे, बेडूक आणि पक्ष्यांत याच भागाला टेक्टम म्हणतात आणि तिथे तो मेंदूच्या मानाने चांगला मोठा, डोळ्यांत भरण्यासारखा असतो.

या उंचवट्यात पेशींचे थर एकावर एक रचलेले आहेत. वरच्या थरांत डोळ्याच्या पडद्याकडून थेट तंतू येतात आणि ते कसेही विखरून बसत नाहीत. समोरच्या दृश्यात जे शेजारी शेजारी, ते इथेही शेजारी शेजारी. म्हणजे दिसणाऱ्या जगाचा एक नकाशाच इथे उमटलेला असतो. खालच्या थरांत कानाकडून आणि कातडीकडून बातम्या येतात, आणि त्यांचे नकाशे वरच्या नकाशाच्या बरोबर खाली जुळवून बसवलेले असतात. डावीकडे वरच्या बाजूला दिवा चमकला तर ज्या जागी वरची पेशी पेटते, त्याच्याच खाली, डावीकडे वरून आलेल्या आवाजाने पेटणारी पेशी असते. आणि सर्वांत खालच्या थरांतल्या मोठ्या पेशींपासून हुकूम बाहेर पडतात. कुठल्या जागेवरची पेशी पेटली, यावरच मान आणि डोळे किती आणि कोणीकडे वळायचे ते ठरतं.

बाहेर पडलेले हे तंतू मध्यमस्तिष्कातच मधली रेषा ओलांडून पलीकडे जातात. डावीकडचं जग उजव्या उंचवट्यात उमटतं. डावीकडे वळायचं तर मानेच्या मागचे डाव्या बाजूचे स्नायू ओढले जायला हवेत. म्हणून हुकूमही उजवीकडून डावीकडे यावा लागतो. रेषा ओलांडल्यावर तंतू मधल्या भागातूनच खाली उतरतात आणि बहुतेक सगळे मानेच्या वरच्या टप्प्यांतच थांबतात. तिथेही ते स्नायू चालवणाऱ्या पेशींना सहसा थेट भिडत नाहीत, मधल्या छोट्या पेशींमार्फत काम करून घेतात. शिवाय उंचवट्यातून निघालेले बरेच तंतू वाटेत मस्तिष्कस्तंभातल्या जाळ्यात थांबतात आणि तिथून दुसरे तंतू तोच निरोप खाली नेतात. त्यामुळे या वाटेची ताकद तिच्या स्वतःच्या तंतूंच्या संख्येवरून मोजता येत नाही. पुस्तकं नेमकं तेच करतात.

यातली आवाजाची गोष्ट थोडी थांबून बघण्यासारखी आहे. डोळ्याच्या पडद्यावर जागेचा नकाशा आयताच उमटतो. कानात तसं काही नसतं; कानाला फक्त स्वर आणि त्याचा जोर कळतो. आवाज डावीकडून आला हे मेंदूला हिशेब करून काढावं लागतं. डाव्या कानाला तो आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. माणसाच्या डोक्याच्या रुंदीला हा उशीर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका, आणि त्याच्याही कितीतरी लहान तुकड्यांचा फरक मेंदू ओळखतो. त्यात आणखी एक पेच आहे. कान डोक्याला घट्ट, पण डोळे खोबणीत फिरणारे. डोळे उजवीकडे फिरलेले असताना डावीकडे आवाज झाला तर डोळ्यांच्या हिशेबाने ती जागा बदललेली असते. जे आणि स्पार्क्स या दोन शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये माकडांत दाखवून दिलं की डोळे फिरले की कॉलिक्युलसमधला आवाजाचा नकाशाही त्यांच्याबरोबर सरकतो. एवढा हिशेब होऊन पाचोळ्याची खूण योग्य जागी पडते, आणि माणसाला वाटतं, आपण नुसतं वळून पाहिलं.

आवाजाच्या या कामात सगळ्यांच्या वरचढ आहे ते गव्हाणी घुबड. जुनी देवळं, पडके वाडे, धान्याची गोदामं ही त्याची वस्ती, आणि शेतातला उंदीर हे त्याचं पोट. पांढऱ्या, बदामासारख्या चेहऱ्याचा हा पक्षी मिट्ट काळोखातही नुसत्या खसखशीवर उंदीर धरतो. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत ते सिद्ध केलं. घुबडाचा एक कान किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असतो. त्यामुळे आवाज डावी-उजवीकडे कुठे हे त्याला वेळेच्या फरकावरून कळतं आणि वर-खाली कुठे हे दोन कानांतल्या जोराच्या फरकावरून. 1978 मध्ये एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी या घुबडाच्या मध्यमस्तिष्कात आवाजाच्या जागांचा नकाशा शोधला. कानाने न दिलेला नकाशा मेंदूने स्वतः तयार केला होता.

घुबडाचे डोळे नळीसारखे आणि खोबणीत जवळजवळ पक्के बसलेले असतात. ते फिरवता येत नाहीत, म्हणून सगळं काम मानेवर येतं. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. मान फिरते ती 270 अंशांपर्यंत. 1990 मध्ये द्यू लॅक आणि नुडसेन यांनी घुबडाच्या टेक्टमवर एकेका जागी अगदी हलका वीजप्रवाह सोडून पाहिला. प्रत्येक जागेला डोकं ठरावीक दिशेला, ठरावीक अंतर वळलं. ऐकण्याचा नकाशा आणि मान वळवण्याचा नकाशा एकमेकांवर बेतलेले होते. हा सगळा हिशेब करून जो पक्षी आपल्या शेतातले उंदीर उचलतो, त्याला अशुभ म्हणून दगड मारून हाकलायचं आणि मग उंदरांच्या औषधावर पैसे घालायचे, हे बघून फार वाईट वाटतं.

आता शाहूवाडीतला दुसरा रहिवासी. आंबा घाटातल्या सदाहरित रानात, पावसाळ्यात, ओढ्यावर झुकलेल्या झुडपात हिरवा चापडा बसलेला असतो. पुष्कळ लोक त्याची हरणटोळाशी गल्लत करतात. हरणटोळ बारीक, लांब, टोकदार तोंडाचा. चापडा आखूड, जाडसर आणि तिकोनी डोक्याचा, आणि विषारी. जवळ न जाता, दुर्बिणीतून त्याच्या डोक्याकडे पाहिलं तर डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा दिसतो. त्या खळग्यात एक पातळ पडदा ताणलेला असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढ्या जाडीचा, दोन्ही बाजूंनी हवा असलेला. समोरून उंदीर गेला की त्याच्या अंगाची ऊब त्या पडद्यावर पडते. पडद्याचं तापमान अंशाच्या काही हजाराव्या भागाने जरी बदललं तरी या कुळातल्या सापांना ते कळतं. ज्यांना पुढे 2021 चं नोबेल मिळालं त्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये या पडद्यातला ऊब टिपणारा रेणू ओळखला. त्याचं नाव टीआरपीए-वन. तोच रेणू आपल्या शरीरातही आहे. आपल्याकडे तो फेसलेल्या मोहरीचा झणका टिपतो, चापड्याच्या कुळात तो उंदराची ऊब टिपतो.

ही उबेची बातमी सापाच्या मेंदूत जाते ती याच टेक्टममध्ये. चापड्याचे अमेरिकेतले भाऊबंद असलेल्या खुळखुळ्या सापांवर हार्टलाइन आणि न्यूमन यांनी 1978 पासून काही वर्षं प्रयोग केले. डोळ्यांनी दिसणाऱ्या जगाचा नकाशा आणि उबेच्या जगाचा नकाशा त्यांना टेक्टममध्ये एकमेकांशी जुळवलेले आढळले. तिथल्या काही पेशी उजेड किंवा ऊब यांतल्या कशानेही पेटत होत्या. काही पेशी मात्र दोन्ही एकदम, एकाच जागेवरून आले तरच पेटत होत्या. हलणारं पान दिसतं, पण त्याला ऊब नसते. तापलेल्या दगडाला ऊब असते, पण तो हलत नाही. उंदराला दोन्ही असतं.

डोळा आणि कान यांच्या बाबतीत हेच घडतं. मेरेडिथ आणि स्टाइन यांनी 1983 मध्ये मांजरांत दाखवलं की फिकट उजेड आणि हलका आवाज वेगवेगळे दिले तर कॉलिक्युलसची पेशी जेमतेम दाद देते. दोन्ही एका वेळी, एका जागेवरून दिले तर ती जी उसळते ती दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त. एकटी खूण जितकी दुबळी, तितका जोडीचा फायदा मोठा. मांजराच्या कॉलिक्युलसमधून कानाच्या पाळीलाही हुकूम जातात; बिबट्या त्याच कुळातला. त्याचे कान आवाजाकडे आधी वळतात आणि मागून डोकं येतं, ते यामुळेच.

बेडकाने या नकाशाच्या पक्केपणाचा पुरावा दिला. 1940 च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडकाची डोळ्याची नस तोडून डोळा उलटा बसवला. नस पुन्हा वाढली आणि बेडकाला दिसायला लागलं. माशी वर असली की तो खाली झेप घ्यायचा, पुढे असली की मागे. तो हे कधीच सुधारू शकला नाही. तंतू टेक्टममधल्या आपल्या मूळ जागी बरोबर परतले होते, डोळा उलटा आहे याची त्यांना दाद नव्हती. गव्हाणी घुबडाचं तसं नाही. नुडसेन यांनी पिल्लांना दृश्य बाजूला सरकवणारे चष्मे लावून वाढवलं, तेव्हा काही आठवड्यांत त्यांचा आवाजाचा नकाशा त्या चष्म्याप्रमाणे सरकला. मोठ्या घुबडांत मात्र एवढा मोठा फरक एकदम पचला नाही. चष्म्याचा कोन थोडा थोडा वाढवत नेला तेव्हाच त्यांनाही बऱ्यापैकी जमलं.

‘कुठे’ आणि ‘काय’ या दोन प्रश्नांची मेंदूत वाटणी आहे, हे लख्ख दाखवलं ते जेराल्ड श्नायडर यांनी 1969 मध्ये. त्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांचे दोन गट केले. एका गटाचा कॉलिक्युलस निकामी केला, दुसऱ्या गटाचा मोठ्या मेंदूतला पाहण्याचा भाग काढला. मग सूर्यफुलाची बी समोर धरली. पहिल्या गटाला आडव्या आणि उभ्या पट्ट्यांतला फरक शिकवता येत होता, पण बी बाजूला धरली की ते तिच्याकडे वळतच नसत. दुसऱ्या गटाला पट्ट्यांतला फरक कळेना, पण बी जिकडे असेल तिकडे डोकं अचूक जाई. आपल्यात दोन्ही यंत्रणा शाबूत असल्याने आपल्याला ही फोड जाणवत नाही. माळ्यावरच्या माणसाला अंधारात, क्षणभरच, ती अनुभवायला मिळते.

वळणं म्हणजे नेहमी जवळ जाणं नव्हे. शेफील्डच्या डीन आणि रेडग्रेव्ह यांनी 1980 च्या दशकात उंदरांत दाखवलं की कॉलिक्युलसमधून दोन दारं बाहेर उघडतात. रेषा ओलांडून पलीकडे जाणारे तंतू त्या वस्तूकडे वळवतात. त्याच बाजूला उतरणारे तंतू तिच्यापासून दूर पळवतात. 2013 मध्ये यिलमाझ आणि माइस्टर यांनी पिंजऱ्यातल्या उंदरांना डोक्यावरच्या पडद्यावर एक काळी चकती झपाट्याने मोठी होत जाताना दाखवली. उंदीर आडोशाकडे धावले किंवा जागीच गोठले. वरून झेपावणारी घार किंवा घुबड ओळखण्याची ही सोय, आणि नंतरच्या प्रयोगांत तिची सूत्रं कॉलिक्युलसकडेच सापडली.

शाहूवाडीच्या बाबतीत मला या जागीच गोठण्याची काळजी वाटते. चांदोली आणि कोयनेचं जंगल मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून दक्षिणेला राधानगरीकडे जाणारा जनावरांचा पट्टा आंबा आणि विशाळगडाच्या रानातून जातो, आणि कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग तो पट्टा आडवा कापतो. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. भेकर, रानमांजर किंवा साळिंदर यांच्या मेंदूतली ही यंत्रणा पंखांच्या आणि पायांच्या वेगावर बेतलेली आहे. झपाट्याने मोठे होत येणारे दोन दिवे तिच्या हिशेबात कुठेच नाहीत. गोठून उभं राहणं हे घारीपुढे शहाणपणाचं असेल, ट्रकपुढे ते जीवघेणं ठरतं. गाडीखाली मेलेल्या जनावराला बावळट म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

माणसात ही वाट खरंच बारीक आहे. मोठ्या मेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणारे तंतू तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ती झोपलेली नाही. ब्रायन कॉर्नील आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये माकडांच्या मानेच्या स्नायूंत बारीक तारा घालून नोंदी घेतल्या. पडद्यावर बाजूला एक खूण उमटली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच मानेच्या योग्य बाजूच्या स्नायूत विजेची चाहूल उमटत होती, माकडाने डोळे किंवा डोकं हलवलं नाही तरीही. नंतर माणसांतही अशा नोंदी मिळाल्या.

आणि लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांनी 1974 मध्ये वर्णन केलेला तो रुग्ण. वैद्यकीय साहित्यात त्याला फक्त डी. बी. म्हणतात. शस्त्रक्रियेत त्याच्या उजव्या मेंदूतला पाहण्याचा भाग काढावा लागला होता, त्यामुळे त्याला डाव्या बाजूचं काहीही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी त्या आंधळ्या बाजूला दिवा लावून सांगितलं, अंदाजाने बोट दाखव. बोट बरोबर जागेकडे जात होतं. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला की मला काहीच दिसत नाही, मी नुसते अंदाज करतोय. त्याच्या डोळ्यांपासून मध्यमस्तिष्काकडे जाणारे तंतू शाबूत होते, आणि या क्षमतेत त्यांचा वाटा असावा असं बहुतेक संशोधक मानतात.

यातला सर्वांत थक्क करणारा प्रयोग जेम्स स्प्रेग यांचा, 1966 चा. मांजराच्या उजव्या मेंदूतला पाहण्याचा मोठा भाग काढला की ते डावीकडच्या वस्तूंकडे वळायचं थांबतं. स्प्रेग यांनी मग त्याच मांजराचा डावा, धडधाकट कॉलिक्युलस निकामी केला. मांजर पुन्हा डावीकडे वळायला लागलं. दुसरी इजा केली आणि पहिलीचं लक्षण ओसरलं. कारण असं निघालं की दोन्ही उंचवटे एकमेकांना दाबून धरत असतात. उजव्या मेंदूचा आधार गेला की उजवा कॉलिक्युलस दुबळा पडतो आणि डावा त्याला पुरता दडपून टाकतो. डावा गप्प केला की उजव्याला पुन्हा डोकं वर काढता येतं.

उजव्या मेंदूत अर्धांगाचा झटका आलेल्या पुष्कळ माणसांत मांजरासारखंच एक लक्षण दिसतं. डोळे चांगले असतात, तरी डावी बाजू त्यांच्या लेखी उरत नाही. ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडची भाकरी तशीच राहते आणि माणूस म्हणतो, अजून वाढा. डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे बघतात. घरच्यांना वाटतं, हट्टीपणा करतायत. स्प्रेग यांच्या मांजरावरून काही डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून पाहिली. उजव्या डोळ्याचे तंतू डाव्या कॉलिक्युलसकडे जास्त जातात, तेव्हा तो डोळा झाकला तर डाव्याचा जोर कमी व्हावा, हा हिशेब. काही जणांची मान डावीकडे वळायला लागली, काहींना काहीच गुण आला नाही. कुणाला उपयोग होईल आणि कुणाला नाही, हे झटक्याने कोणते तंतू वाचले आणि कोणते गेले यावर अवलंबून असावं, आणि त्याचा शोध चालू आहे.